कॅनडातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र : यंदाच्या दिवाळीत खासदारांना पाण्याबद्दल विचारा

प्रति,
कॅनडातल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचे कार्यक्रम तोंडावर आले आहेत. हॉल ठरले, फराळाच्या ऑर्डरी गेल्या, मुलांच्या नाचांच्या तालमी चालू आहेत. दरवर्षीप्रमाणे आपापल्या भागातल्या खासदारांना निमंत्रणंही गेली असतील. ते येतील, आपल्याबरोबर दीप लावतील, मराठी समाजाच्या कष्टाळूपणाबद्दल चार चांगले शब्द बोलतील आणि फोटो काढून पुढच्या कार्यक्रमाला जातील. माझी मागणी एवढीच आहे, की या वर्षी ते मंचावरून उतरण्याआधी मंडळाच्या वतीने त्यांना एक प्रश्न विचारावा. फर्स्ट नेशन्सना, म्हणजे कॅनडातल्या मूलनिवासी समुदायांना, पिण्याच्या शुद्ध पाण्याचा कायदेशीर हक्क देणारं विधेयक संसदेत पुन्हा कधी येणार, आणि ते आल्यावर तुम्ही त्याच्या बाजूने मत देणार का?

सणाच्या दिवशी हे कशाला, असं काही जणांना वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी विनिपेगमध्ये राहते. आमच्या नळाचं पाणी शोल लेक या तलावातून येतं. मॅनिटोबा आणि ऑन्टॅरिओच्या सीमेवरच्या या तलावापासून शहरापर्यंत दीडशे किलोमीटरहून लांब जलवाहिनी आहे आणि १९१९ पासून तिच्यातून नुसत्या उतारावर पाणी वाहत येतं. त्याआधी विनिपेगमध्ये विषमज्वराने माणसं मरत होती. शोल लेकच्या पाण्याने हे शहर वाचलं, वाढलं. पण जलवाहिनीचं तोंड जिथे बांधलं ती जमीन अनिशिनाबे या मूलनिवासी लोकांची होती. 'शोल लेक ४०' या फर्स्ट नेशनची सुमारे तीन हजार एकर जमीन मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारच्या इंडियन अफेअर्स खात्याने त्यांची संमती न घेता शहराला देऊन टाकली. त्यात त्यांची दफनभूमीही गेली. शहराकडे गढूळ पाणी येऊ नये म्हणून बांध घातला आणि कालवा खणला. गढूळ पाणी वस्तीच्या बाजूला वळलं आणि त्या कालव्यामुळे वस्ती मुख्य भूमीपासून तुटून तिचं बेट झालं.

पुढची शंभर वर्षं त्या लोकांनी उन्हाळ्यात बोटीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या तलावावरून ये-जा केली. बर्फ पातळ असताना पार करायला गेलेली माणसं बुडून मेली. १९९७ मध्ये त्यांचं पाणी पिण्याजोगं नाही असं ठरलं आणि 'उकळून प्या' अशी सूचना लागली. शुद्धीकरण केंद्र मागितलं, तर रस्ता नसल्यामुळे ते बांधणं फार महाग पडतं असं उत्तर मिळत राहिलं. रस्ता नव्हता तो शहराने खणलेल्या कालव्यामुळे. अखेर 'फ्रीडम रोड' हा रस्ता जून २०१९ मध्ये खुला झाला आणि शुद्धीकरण केंद्र सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. २४ वर्षं ते लोक बाटल्यांमधून पाणी पीत होते आणि त्यांच्याच तलावाचं पाणी आमच्या घरात आंघोळीला, भांड्यांना, गाड्या धुवायला वाहत होतं. जानेवारी २०१५ मध्ये विनिपेग शहरालाच पाणी उकळून प्यायची सूचना आली होती. दोन दिवस शहरभर धावपळ उडाली, चाचण्या झाल्या, सूचना उठली. शोल लेक ४० मध्ये तेव्हा अठरावं वर्ष चालू होतं.

हे वाचताना तुमच्यातल्या ठाणे जिल्ह्यातल्या मंडळींना काही आठवलं असेल. मी शहापूर तालुक्यातली आहे. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. भातसाही आमच्याच तालुक्यातला. दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे लावून बसतात आणि जवळून मुंबईकडे जाणाऱ्या जलवाहिन्या भरून वाहत असतात. ज्यांच्या उशाला धरण त्यांच्या घशाला कोरड, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून शोल लेकची हकिगत मला परक्यांची वाटली नाही. तुम्हालाही वाटू नये.

शोल लेकला निदान आता पाणी आहे. उत्तर ऑन्टॅरिओतल्या नेस्कंटागा या फर्स्ट नेशनला अजून नाही. तिथे फक्त विमानाने जाता येतं. हिवाळ्यात काही आठवडे बर्फाचा रस्ता होतो तेवढाच. गाव मोठ्या गोड्या पाण्याच्या तलावाच्या काठावर आहे. तिथलं शुद्धीकरण केंद्र १९९३ मध्ये उभं राहिलं आणि ते नीट चाललंच नाही. १ फेब्रुवारी १९९५ ला लागलेली सूचना आजही उठलेली नाही. कॅनडातली ही सगळ्यांत दीर्घ सूचना आहे. आज तीस वर्षांच्या माणसाने तिथे जन्मापासून आपल्या घरच्या नळाचं पाणी बेधडक प्यायलेलं नाही, आणि त्याची मुलंही आता तशीच वाढताहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये, कोविडच्या ऐन भरात, पाण्याच्या टाकीत तेलकट तवंग आढळला. गावातल्या अडीचशेहून अधिक माणसांना विमानाने थंडर बे शहरात आणून हॉटेलमध्ये ठेवलं. ती माणसं डिसेंबरपर्यंत तिथेच होती. कॅनडाइतकं गोडं पाणी जगात फार थोड्या देशांकडे आहे, आणि पैसाही आहे. त्या देशात एका गावाला नळ देता येत नाही हे मला पटत नाही. तो दिलेला नाही, असंच मी म्हणेन.

२०१५ च्या निवडणुकीत जस्टिन ट्रुडो यांनी पाच वर्षांत सगळ्या दीर्घकालीन सूचना संपवण्याचं वचन दिलं. तेव्हा रिझर्व्हवरच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखलेल्या जमिनींवरच्या, सार्वजनिक पाणीव्यवस्थांवर अशा १०५ सूचना होत्या. मुदत मार्च २०२१ ची होती, ती पाळली गेली नाही. शंभराहून अधिक सूचना या काळात उठल्या हे मी मोकळेपणाने मान्य करते. त्यासाठी फर्स्ट नेशन्समधल्या पाणी-ऑपरेटरांनी आणि प्रमुखांनी घेतलेले कष्ट मोठे आहेत. पण जुन्या उठत असताना नव्या लागत गेल्या, आणि आज, २०२५ मध्येही, तीसहून अधिक बाकी आहेत. शिवाय या मोजणीत ज्या घरांना स्वतःची विहीर आहे किंवा जिथे टँकरने टाकी भरली जाते ती घरं येतच नाहीत.

असं का होतं, हे समजून घ्यायला थोडं कायद्यात शिरावं लागेल. तुम्ही मिसिसागात, कॅलगरीत किंवा ब्रॅम्प्टनमध्ये नळ उघडता तेव्हा त्या पाण्यामागे प्रांताचा कायदा उभा असतो. ऑन्टॅरिओत वॉकर्टन नावाच्या छोट्या गावात मे २००० मध्ये दूषित पाण्याने सात माणसं दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी चौकशी केली आणि २००२ मध्ये प्रांताने पिण्याच्या पाण्याचा कडक कायदा केला. त्या कायद्याने कोण जबाबदार, किती वेळा तपासणी, चुकलं तर शिक्षा काय, हे सगळं ठरवून दिलं. पण तो कायदा रिझर्व्हच्या सीमेपाशी थांबतो, कारण रिझर्व्ह केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात. आणि केंद्राने तिथे बंधनकारक असा कायदाच दिला नाही. २०१३ मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने एक कायदा केला. त्याखाली एकही नियम कधी बनला नाही आणि २०२२ मध्ये तो रद्द झाला. म्हणजे काटेरी तार नाही, भिंत नाही, रस्त्याच्या एका बाजूला नगरपालिकेच्या घराला कायदा आहे आणि दुसऱ्या बाजूच्या घराला फक्त खात्याचं धोरण आहे, जे दर अर्थसंकल्पात बदलू शकतं. केंद्रं चालवण्याच्या खर्चाचं सूत्र तीस वर्षं जुनं होतं, असं महालेखापालांनी फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात नोंदवलं. दीर्घकाळ सरकार देखभालीच्या ठरवलेल्या खर्चाच्या ८० टक्केच रक्कम देत होतं, उरलेले गावाने उभे करायचे. ऑपरेटरला बाहेरच्यापेक्षा कमी पगार, तो शिकून शहरात जातो, केंद्र बंद पडतं, नवी सूचना लागते. यंत्र नवं बसवल्याचा फोटो निघतो, ते पाच वर्षं चालवण्याचा पैसा मात्र मिळत नाही.

शेवटी फर्स्ट नेशन्सना कोर्टात जावं लागलं. कर्व्ह लेक, टाटास्क्वेयाक आणि नेस्कंटागा या फर्स्ट नेशन्सच्या दाव्यांमधून २०२१ मध्ये ८ अब्ज डॉलरची तडजोड झाली. त्यातच नवा कायदा आणण्याची हमीही होती. त्या हमीतून डिसेंबर २०२३ मध्ये विधेयक सी-६१ आलं. रिझर्व्हवरच्या पाण्याचा दर्जा देशाच्या किंवा प्रांताच्या मानकापेक्षा खाली जाता कामा नये, पाणी जिथून येतं त्या नदी-तलावांचं रक्षण व्हावं, आणि त्या पाण्यावर फर्स्ट नेशन्सचा अधिकार मान्य व्हावा, एवढ्या गोष्टी त्यात होत्या. ते परिपूर्ण नव्हतं, अनेक प्रमुखांनी त्यावर टीकाही केली. पण जानेवारी २०२५ मध्ये ट्रुडो यांनी संसदेचं अधिवेशन स्थगित केलं आणि ते विधेयक तिथेच मेलं. मधल्या काळात मॅनिटोबातल्या शामाट्टावा या फर्स्ट नेशनच्या दाव्यात याच सरकारच्या वकिलांनी २०२४ मध्ये कोर्टात मांडलं की फर्स्ट नेशन्सना शुद्ध पाणी पुरवण्याचं कोणतंही कायदेशीर बंधन केंद्रावर नाही. प्रचारसभेत वचन द्यायचं आणि कोर्टात जबाबदारी नाकारायची. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

आणि इथेच मला महाड आठवतं. आपण सगळ्यांनी शाळेत २० मार्च १९२७ ची तारीख पाठ केली, पण तिच्या आधीच्या दोन तारखा फारशा सांगितल्या जात नाहीत. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने बोले ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचं त्यात म्हटलं होतं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळं होतं. तरी एकाही अस्पृश्याला त्या तळ्याला हात लावता आला नाही, कारण तो ठराव अमलात आणायची जबाबदारी कुणावरच नव्हती. बाबासाहेबांनी हजारो माणसांसह जाऊन ते पाणी ओंजळीत घेतलं. ते कुणाची मेहेरबानी मागायला गेले नव्हते, माणूस म्हणून असलेला हक्क बजावायला गेले होते. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, दावा झाला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हक्क मान्य करेपर्यंत दहा वर्षं लढाई चालली.

त्याच १९२७ साली ओटावाने (केंद्र सरकारने) मूलनिवासींना लागू असलेल्या इंडियन अ‍ॅक्टमध्ये कलम १४१ घातलं. आपल्या जमिनीचा दावा लढवण्यासाठी मूलनिवासींनी पैसे गोळा करणं किंवा वकील नेमणं हा त्यामुळे गुन्हा झाला. १९५१ पर्यंत ते कलम कायम होतं. शोल लेकच्या लोकांना आपली जमीन गेल्यावर कोर्टात का जाता आलं नाही, याचं एक कारण त्यात आहे. आणि मतदानाचं बघा. ब्रिटिश कोलंबियाने १९०७ मध्ये भारतीयांचा मताधिकार काढून घेतला, तो १९४७ मध्ये परत मिळाला. फर्स्ट नेशन्सच्या लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता केंद्राच्या निवडणुकीत मत देण्यासाठी १९६० पर्यंत थांबावं लागलं. ज्यांचा हा देश त्यांच्या आधी आपल्याला मत मिळालं. हे कळल्यावर, आज खासदार ज्या समाजाच्या मतांसाठी दिवाळीला येतात त्या समाजाने त्या मताचा उपयोग कशासाठी करावा, हा प्रश्न मला टाळता येत नाही.

आता आपल्यातच बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टींबद्दल. 'त्यांना सगळं फुकट मिळतं, ते टॅक्स भरत नाहीत,' हे मी आपल्या गेट-टुगेदरमध्ये अनेकदा ऐकलं आहे, सुशिक्षित, भल्या माणसांच्या तोंडून. करातली सवलत प्रामुख्याने रिझर्व्हवर मिळवलेल्या उत्पन्नापुरती आहे. शहरात नोकरी करणारा फर्स्ट नेशन्सचा माणूस सहसा तुमच्यामाझ्यासारखाच आयकर भरतो. रिझर्व्हची जमीन कायद्याने सरकारच्या नावावर असते. त्यामुळे ती गहाण टाकून कर्ज काढणं, नगरपालिकेसारखे रोखे काढून पाणीयोजना उभी करणं, हे मार्ग त्यांना जवळजवळ बंद आहेत. आधी हात बांधायचे आणि मग हे हात पसरतात म्हणून बोल लावायचा, हा अन्याय आहे. ऑन्टॅरिओचे प्रीमियर (मुख्यमंत्री) डग फोर्ड यांनी गेल्या जूनमध्ये अगदी याच अर्थाचं वाक्य जाहीरपणे बोलून दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माफी मागावी लागली. आपल्या बैठकांमध्ये माफी कुणी मागत नाही, म्हणून तिथेच तेव्हाच बोलायला हवं. भारतात आरक्षणाबद्दल जी वाक्यं बोलली जात होती, तीच इकडे रिझर्व्हबद्दल बोलली जातात. आपल्यातल्या दलित आणि आदिवासी सभासदांना ती ऐकताना काय वाटत असेल, याचाही मंडळांनी विचार करावा.

'आपण बाहेरून आलेली माणसं, या भांडणात कशाला पडा,' असंही म्हटलं जातं. नवीन आलेल्यांची भीती मला समजते. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हातात नाही, नोकरी टिकेल की नाही माहीत नाही, अशा माणसाने रस्त्यावर उतरावं असं मी म्हणत नाही. पण मंडळं नोंदणीकृत संस्था आहेत, त्यांच्या समित्यांवर पंचवीस-तीस वर्षं इथे स्थिरावलेले नागरिक आहेत. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण लँड अ‍ॅक्नॉलेजमेंट (ही जमीन मुळात कुणाची ते सांगणारं निवेदन) वाचतो. विनिपेगमध्ये अनेक ठिकाणी त्यात शोल लेकच्या पाण्याचा उल्लेखही असतो. ते वाचणं चांगलंच आहे, पुढेही वाचू या. ज्यांची नावं आपण घेतो त्यांच्या पाण्याबद्दल त्याच मंचावर उभ्या असलेल्या खासदाराला विचारणं, हे त्या वाचनाचंच पुढचं पाऊल आहे.

याच वर्षी का, तेही सांगते. एप्रिलमध्ये निवडणूक झाली, मार्क कार्नी पंतप्रधान म्हणून निवडून आले. मोठ्या प्रकल्पांना झटपट मंजुरी देणारं विधेयक सी-५ त्यांनी ६ जूनला मांडलं आणि २६ जूनला त्याचा कायदा झाला. वीस दिवस लागले. अनेक फर्स्ट नेशन्स आमचं ऐकून घ्या असं सांगत असताना ते पुढे रेटलं गेलं. नेस्कंटागा ज्या भागात आहे तिथेच 'रिंग ऑफ फायर'चे खनिजसाठे आहेत आणि ऑन्टॅरिओ सरकारला तिथे रस्ते आणि खाणी हव्या आहेत. खाणीसाठी रस्ता घाईने हवा आणि पाण्याच्या नळाला तीस वर्षंही कमी पडतात, हे सहन करण्यासारखं नाही. याच उन्हाळ्यात अल्बर्टा आणि ऑन्टॅरिओच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून सी-६१ पुन्हा आणू नका अशी मागणी केली, कारण त्याने म्हणे प्रकल्पांना उशीर होईल. पाण्याचे स्रोत राखणारं कलम त्यांना खुपतं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ड्रायडनच्या कागद गिरणीने १९६० च्या दशकात नदीत सोडलेल्या पाऱ्याने ग्रासी नॅरोज या फर्स्ट नेशनच्या लोकांच्या तीन पिढ्या आजारी आहेत. स्रोत राखला नाही की काय होतं, ते त्याच प्रांताने पाहिलं आहे.

इंडिजिनस सर्व्हिसेस खात्याच्या मंत्री मँडी गल-मॅस्टी स्वतः क्री या मूलनिवासी समाजाच्या आहेत, या पदावर आलेल्या पहिल्या मूलनिवासी व्यक्ती. विधेयक परत आणू असं त्यांनी सांगितलं आहे. माझा त्यांच्यावर विश्वास ठेवायचा मानस आहे, पण मंत्रिमंडळाचा निर्णय एकट्या त्यांच्या हातात नाही. ४ नोव्हेंबरला अर्थसंकल्प येतो आहे. अर्थमंत्र्यांनी बहुतेक खात्यांना तीन वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत खर्च कमी करायला सांगितलं आहे, आणि त्याच उन्हाळ्यात संरक्षणावरचा खर्च २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्क्यांवर नेण्याचं वचन नाटोला दिलं आहे. पैसा कुठे जाणार हे आत्ता ठरतं आहे. दिवाळी ऐन त्याच्या दोन आठवडे आधी आहे आणि सगळ्या पक्षांचे खासदार आपल्या हॉलमध्ये येणार आहेत.

तेव्हा कार्यकारिणीला विनंती, की हा प्रश्न लेखी स्वरूपात खासदारांच्या कार्यालयाला आधी कळवा, म्हणजे अचानक विचारलं अशी सबब राहणार नाही. लिबरल, कन्झर्व्हेटिव्ह, एनडीपी, कुणीही असो, प्रश्न तोच ठेवा. विधेयकाच्या बाजूने मत देणार का, स्रोत राखणारं कलम शाबूत राहणार का, आणि केंद्रं चालवण्याचा पूर्ण खर्च कायद्यात बांधला जाणार का. त्यांचं उत्तर मंडळाच्या वार्तापत्रात जसंच्या तसं छापा. शक्य असेल त्या मंडळांनी जवळच्या फर्स्ट नेशनच्या बँड कौन्सिलशी (तिथला कारभार पाहणाऱ्या मंडळाशी) बोलून त्यांना नेमकं काय हवं आहे ते आधी विचारावं. त्यांच्या वतीने आपण बोलायचं नाही, त्यांच्या मागणीला आपलं वजन द्यायचं. आणि दर वर्षी एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती साजरी करणाऱ्या संस्थांनाही यात बरोबर घ्या. ब्रिटिश कोलंबियाने २०२१ मध्ये १४ एप्रिल हा डॉ. आंबेडकर समता दिन म्हणून जाहीर केला तो अशाच संस्थांच्या चिकाटीमुळे. खासदार-आमदारांकडून काम कसं करून घ्यायचं ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आमच्या मंडळाच्या समितीला मी हा प्रश्न लेखी दिला आहे. समितीने वेळ दिला तर मंचावरून, नाही दिला तर खासदार चहाला थांबतील तेव्हा, मी तो विचारणार आहे. तुमच्या शहरात काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा.

आपली,
विनिपेगमधील एक मराठी सभासद
ऑक्टोबर २०२५